कृत्रिम पाय बसविणार कोण? पुनर्वसन अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण व अधिछात्रवृत्त्या

दिव्यांग बंधु-भगिनींना तीनचाकी सायकली, कुबड्या, श्रवणयंत्रे आणि कृत्रिम पाय वाटण्याचे कार्यक्रम आता गावोगाव होतात. जयंतीला होतात, वर्धापनदिनाला होतात, निवडणुका जवळ आल्या की जरा अधिकच होतात. अशा कार्यक्रमांना नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. कालपर्यंत ज्याला हातांवर जोर देऊन जमिनीवरून सरकावे लागत होते, त्याला सायकल मिळाली तर ती मोठीच गोष्ट होय. परंतु हारतुरे झाले, छायाचित्रे निघाली, पाहुणे आपापल्या गाड्यांतून निघून गेले, की पुढे काय होते याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. पाय टोचू लागतो. सायकलची साखळी वारंवार उतरते. श्रवणयंत्र कानात शिट्टी मारू लागते. काही महिन्यांनी पाहावे तर पाय घराच्या कोपऱ्यात उभा आणि माणूस पुन्हा कुबडीवर!

याचे खापर साधन बनविणाऱ्यावर फोडून चालणार नाही. साधन आणि माणूस यांच्यामध्ये एक शिकलेला मनुष्य उभा राहावा लागतो, तो तेथे नसतो, हे खरे कारण आहे. हा मनुष्य कोण, त्याला काय शिकावे लागते, ते शिक्षण कोठे मिळते, त्यासाठी पैसा कोठून येतो आणि त्या पैशाच्या रचनेत आम्हांस कोणती उणीव दिसते, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम शब्दांविषयी. जुन्या कागदपत्रांत ‘अपंग’ हा शब्द आहे. २०१५ च्या अखेरीपासून ‘दिव्यांग’ हा शब्द सरकार दरबारी रूढ झाला. पुष्कळ दिव्यांग व्यक्तींनाच हा नवा शब्द पसंत नाही, हेही खरे. आम्ही चालू कायद्याच्या मराठी व्यवहारात जो शब्द आहे तो वापरीत आहोत. शब्दापेक्षा सॉकेट नीट बसणे अधिक महत्त्वाचे, असे आमचे मत आहे.

सॉकेट म्हणजे काय ते आता सांगतो. कृत्रिम पायाचे नाव काढले की लोकांच्या डोळ्यांपुढे खालचे पाऊल येते. वास्तविक पायाचे यश-अपयश वरच्या भागावर, म्हणजे उरलेला पाय ज्या कपात बसतो त्या सॉकेटवर ठरते. गुडघ्याखाली पाय तुटलेल्या माणसाचे उदाहरण घ्या. आपण उभे राहतो तेव्हा वजन तळपायावर पडते, आणि तळपायाची कातडी त्यासाठीच घडलेली असते. तुटलेल्या पायाच्या टोकाची कातडी तशी नसते. त्या टोकावर सगळे वजन दिले तर माणसाला दहा पावले टाकता येणार नाहीत. मग वजन द्यावयाचे कोठे? गुडघ्याच्या वाटीखाली एक जाड शीर हाताला लागते, तेथे दाब सहन होतो. पोटरीच्या मांसल भागावरही होतो. उलट नडगीच्या हाडाची धार आणि बाहेरच्या बाजूचे हाडाचे उंच टोक येथे जरासा दाबही सहन होत नाही. म्हणून तंत्रज्ञ प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्यांनी उरलेल्या पायाचा साचा घेतो, त्यात ओतून पायाची प्रतिकृती तयार करतो आणि मग ती प्रतिकृती हाताने तासतो. जेथे दाब चालेल तेथून थोडे प्लास्टर काढतो, जेथे चालणार नाही तेथे थोडे चढवितो. काही मिलिमीटरचा हा खेळ असतो. या प्रतिकृतीवरून सॉकेट बनते. गुडघ्याखालच्या शिरेवर वजन घेण्याची ही पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मंडळींनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडली, आणि तिचा पाया आजही शिकविला जातो.

सॉकेट झाले म्हणजे काम संपले असे नाही. त्याखाली पाऊल किती पुढे, किती मागे, किती आत बसवावे, यावर गुडघ्याला पडणारा ताण अवलंबून असतो. ते माणसाला उभे करून, चालवून, पुन्हा पुन्हा पेच सैल-घट्ट करून ठरवावे लागते. शिवाय शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत उरलेला पाय बारीक होत जातो. चैत्रात घट्ट बसलेले सॉकेट दिवाळीत सैल होते. प्रथम आत मोजे वाढवून भागते, पुढे सॉकेटच बदलावे लागते. लहान मूल असेल तर ते वाढते, त्याचा पाय मात्र वाढत नाही. एका दिवसाच्या शिबिरात माप घेऊन पुढील शिबिरात पाय हाती देणे आणि तेथेच थांबणे, म्हणजे शिंप्याने ट्रायल न घेता कोट देण्यासारखे आहे. फरक एवढाच की न बसणारा कोट कोणाला जखम करीत नाही.

चाकाच्या खुर्चीचेही तसेच. रुग्णालयाच्या दारात असते तशी रुंद, झोळीसारख्या बैठकीची खुर्ची ही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेण्यासाठी असते, दिवसभर बसण्यासाठी नसते. तिच्यात बारीक चणीची व्यक्ती बसली की ती एका बाजूस कलते आणि हळूहळू तिचा कणा वाकडा होतो. पाय ठेवावयाची पट्टी फार उंच असेल तर मांड्या उचलल्या जातात आणि सगळे वजन बैठकीच्या दोन हाडांवर येते. ज्याच्या मणक्याला मार लागून कमरेखालची संवेदना गेली आहे त्याला हा दाब कळतच नाही. कातडी आतल्या आत मरते, व्रण पडतो, तो हाडापर्यंत जातो आणि त्यातून माणूस दगावूही शकतो. म्हणजे फुकट मिळालेली खुर्ची जिवावर बेतू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने साध्या खुर्च्यांच्या वाटपाविषयी २००८ साली जी मार्गदर्शक पुस्तिका काढली तिच्यात नोंदणीपासून दुरुस्तीपर्यंत आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. माप घेणे, खुर्ची अंगाला बसवून पाहणे, वापरणाऱ्याला शिकविणे आणि पुढे देखभाल करणे या सर्व त्यांत येतात. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी मधली खुर्ची तेवढी येते, आधीच्या व नंतरच्या पायऱ्या गळून जातात. आणि खुर्ची अंगाला बसली तरी ती चाळीच्या खोलीच्या दारातून आत जाईल काय, वस्तीच्या सार्वजनिक शौचालयापर्यंत पोहोचेल काय, हे टेपने मोजून पाहणे हेही या शास्त्राचेच काम आहे.

शरीर, यंत्र आणि राहते घर या तिन्हींचा मेळ घालणाऱ्या या शास्त्राला पुनर्वसन अभियांत्रिकी म्हणतात. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्यांतील सुमारे ५४ लाखांचे दिव्यांगत्व हालचालीचे होते. महाराष्ट्रातील एकूण आकडा २९ लाखांहून अधिक होता. जगाचा हिशेब पाहिला तर, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे चष्म्यापासून खुर्चीपर्यंत काही ना काही सहाय्यक साधन लागणारे लोक २५० कोटींच्या घरात आहेत.

आता शिक्षणाकडे वळू. आमच्या देशात या क्षेत्राकडे जाणारे दोन जिने आहेत आणि दुर्दैवाने ते वरच्या मजल्यावर फारसे मिळत नाहीत.

पहिला जिना कृत्रिम अवयव व आधारसाधने यांच्या पदवीचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला बी.पी.ओ. म्हणतात. (फोनवर बोलणाऱ्या कॉल सेंटरशी याचा काही संबंध नाही, हे पालकांना आवर्जून सांगावे लागते!) मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, कोलकात्याची राष्ट्रीय गतिशील दिव्यांगजन संस्था, ओडिशात कटकजवळ ओलटपूर येथील स्वामी विवेकानंद राष्ट्रीय पुनर्वसन संस्था या ठिकाणी हा अभ्यासक्रम चालतो. यांपैकी काही संस्थांत पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवीही आहे. येथे शिकलेला मुलगा किंवा मुलगी पहिल्या काही वर्षांतच रुग्णाच्या पायाला हात लावते, प्लास्टर करते, ओव्हनमध्ये प्लास्टिक तापवून साच्यावर ओढते. महाराष्ट्राला या विद्येची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी पुण्याचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालीच उभे राहिले होते.

दुसरा जिना अभियंत्यांचा. यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा जैववैद्यकीय अभियांत्रिकीची पदवी, मग ‘गेट’ परीक्षा, मग एम.टेक. किंवा संशोधनाने एम.एस. आणि त्यापुढे पीएच.डी. मुंबईच्या आय.आय.टी.त जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या एम.टेक.ला अभियंत्यांप्रमाणे वैद्यकीय पदवीधरांनाही प्रवेश मिळतो, ही फार चांगली सोय आहे. मद्रास आय.आय.टी.त यंत्र अभियांत्रिकी विभागात प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या मार्गदर्शनाखाली पुनर्वसन साधनांचे संशोधन केंद्र आहे. बसल्या जागेवरून उभे करणारी ‘अराइज’ खुर्ची तेथून २०१९ साली आली, आणि वाकून उठता येईल असा ‘कदम’ नावाचा कृत्रिम गुडघा २०२२ साली आला. त्याच केंद्रातून बाहेर पडलेल्यांनी प्रत्येकाच्या मापाने खुर्ची बनविणारी कंपनी काढली. दिल्ली आय.आय.टी.त अंधांच्या साधनांवर काम होते.

दोन जिने मिळत नाहीत असे आम्ही म्हणतो त्याचा अर्थ असा. पहिल्या जिन्याने गेलेला तंत्रज्ञ शेकडो पाय बसवितो, कोठे टोचते हे त्याला बोटांनी कळते, परंतु नवा गुडघा आखण्यासाठी लागणारे गणित आणि संशोधनाचा पैसा त्याच्यापर्यंत क्वचित पोहोचतो. दुसऱ्या जिन्याने गेलेला अभियंता संगणकावर सुंदर गुडघा आखतो, पण चिखलातून बांधावर चढणारा, पाटावर मांडी घालून जेवणारा, भारतीय बैठकीच्या शौचालयात बसणारा माणूस त्याच्या प्रयोगशाळेत पुरेसा येत नाही. जेथे हे दोघे भेटले तेथे चमत्कार झाला आहे. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे शालेय शिक्षण नसलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रबराचे ‘जयपूर फूट’ घडविले ते असेच. बुटावाचून चालता येईल, उकिडवे बसता येईल, पाण्यात भिजले तरी चालेल, असे ते पाऊल आहे. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शर्मांचे नाव मात्र पुष्कळांस ठाऊक नसते, याची आम्हांस खंत वाटते. हाताने काम करणाऱ्याचे नाव मागे पडण्याची आमच्या देशाला सवयच आहे.

कायद्याने या विद्येला मान्यता दिलेली आहे. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषद अस्तित्वात आली. तिच्या नोंदवहीत ज्या व्यावसायिकांचे वर्ग आहेत त्यांत ‘पुनर्वसन अभियंते व तंत्रज्ञ’ हा स्वतंत्र वर्ग आहे आणि कृत्रिम अवयव तज्ज्ञांचाही आहे. नोंदणी नसताना हा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणजे वर्ग आहे, नोंदवही आहे, शिक्षाही आहे. नाही ती नोकरी. जिल्हा रुग्णालयांच्या किंवा समाजकल्याण खात्याच्या जाहिरातींत पुनर्वसन अभियंता हे पदनाम शोधू गेल्यास नजर थकते. पद नाही म्हणून मुले शिकत नाहीत, शिकलेली मुले नाहीत म्हणून पद नाही, असा हा फेरा आहे.

पैशाची बाजू पाहू. येथे विद्यार्थ्यांना वाटते तेवढा अंधार नाही. ‘गेट’ उत्तीर्ण होऊन एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळत आले आहे. पीएच.डी.साठी केंद्राच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचा दर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० आणि ज्येष्ठ अधिछात्रवृत्तीचा ४२,००० रुपये झाला, घरभाडे वेगळे. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती २०१८ साली जाहीर झाली तेव्हा तिची सुरुवातच दरमहा ७०,००० रुपयांनी झाली, पण तिची गाळणी फार बारीक आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, तिच्या वर्षाला २,००० जागा असतात. दिव्यांग संशोधकांसाठी अशीच दुसरी योजना आहे, तिच्या जागा २००. आपल्या राज्यात पुण्याच्या ‘बार्टी’मार्फत अनुसूचित जातीच्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेबांच्या नावाची अधिछात्रवृत्ती दिली जाते. परदेशी जावयाचे असेल तर १९५४-५५ पासून चालत आलेली राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या १२५ जागांपैकी बहुसंख्य अनुसूचित जातींसाठी असून कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख रुपये आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे. अटी दरवर्षी बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाची मूळ जाहिरातच वाचावी. मित्राने सांगितलेल्या माहितीवर विसंबू नये.

परदेशात जाऊन काय शिकावे, असे कोणी विचारील. ग्लासगो येथील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात कृत्रिम अवयवांचे राष्ट्रीय केंद्र आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दिव्यांगत्व, रचना व नवनिर्मिती या विषयाची एम.एस्सी. आहे. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठात पुनर्वसन तंत्रज्ञानाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी आहे. तेथील प्रा. रोरी कूपर यांची हकिगत मुद्दाम सांगावीशी वाटते. सैन्यात असताना १९८० साली त्यांच्या मणक्याला इजा झाली. ते स्वतः चाकाच्या खुर्चीवर असतात. पुढे ते अभियंता झाले, १९८८ च्या सोल पॅरालिंपिकमध्ये त्यांनी खुर्चीच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले आणि १९९४ साली खुर्च्यांच्या संशोधनाची प्रयोगशाळा उभारली. ज्याला दिवसभर खुर्चीत बसावयाचे आहे तोच खुर्चीचा शास्त्रज्ञ झाला! आमच्याकडे २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा, चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखून ठेवल्या आहेत. त्या जागांवरून आमच्या वस्तीतला एखादा कुबडीवर चालणारा मुलगा या विषयाला का जाऊ नये?

तर शिष्यवृत्त्या आहेत. मग उणीव कोठे आहे? आमच्या मते ती दोन ठिकाणी आहे.

पहिली काळाची. दिल्ली आय.आय.टी.तील पदवीच्या विद्यार्थ्यांनी २००५ च्या सुमारास अंधांच्या पांढऱ्या काठीवर बसणाऱ्या एका उपकरणाचे काम हाती घेतले. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीतला अडथळा ते ध्वनिलहरींनी ओळखते आणि मुठीला कंप देऊन सांगते. उघड्या खिडकीचे दार, रस्त्यावर उभ्या ट्रकचे मागचे फळकूट, असे जे साध्या काठीला लागत नाही पण कपाळाला लागते, ते याने टळते. हे ‘स्मार्टकेन’ लोकांच्या हाती आले २०१४ साली. मधल्या वर्षांत कित्येक अंध व्यक्तींनी ते वापरून पाहिले, दोष सांगितले, ते सुधारले गेले. नऊ वर्षे! अधिछात्रवृत्ती असते जास्तीत जास्त पाच वर्षांची, तीही पीएच.डी.च्या प्रबंधासाठी. प्रबंध सादर झाला की पैसा थांबतो आणि यंत्राचा नमुना कपाटात जातो. त्यातही रक्कम वेळेवर न मिळाल्यामुळे संशोधक विद्यार्थ्यांना उपोषणाला बसावे लागते, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचतोच. घरून पैसा मागता येत नाही अशा मुलाला सहा महिन्यांचा विलंब म्हणजे शिक्षणातून बाहेर फेकले जाणे होय.

दुसरी उणीव अधिक मोठी आहे. आमच्या अधिछात्रवृत्त्या शिकण्यासाठी पैसा देतात, सेवा मात्र मागत नाहीत आणि सेवेची जागाही देत नाहीत. अमेरिकेने १९७३ च्या पुनर्वसन कायद्याखाली जी दीर्घ मुदतीची प्रशिक्षण योजना चालविली तिची रीत पाहण्याजोगी आहे. पुनर्वसन तंत्रज्ञानासारख्या विषयात पदव्युत्तर शिक्षणाला सरकारने एक वर्ष मदत केली, की त्या पदवीधराने दोन वर्षे राज्याच्या पुनर्वसन खात्यात किंवा त्याच्याशी संलग्न संस्थेत काम करावयाचे. न केल्यास पैसे परत करावयाचे. आपल्याकडे सरकारी महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. होणाऱ्यास एक वर्षाच्या सेवेचा करार करावा लागतो, तशातलाच हा प्रकार. फरक असा की तेथे नेमून दिलेल्या कामाची खाती आधी उभी होती.

शिष्यवृत्तीबरोबर सेवेची अट ही कल्पना आमच्या वाचकांस नवी नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. तो पाळण्यासाठी ते १९१७ साली बडोद्यास गेलेही. तेथे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. राहावयास जागा मिळू दिली नाही, कचेरीत अपमान झाला, आणि त्यांना परतावे लागले. करार एका बाजूने पुरा होत नाही, हे त्यावरून कळते. विद्यार्थ्याकडून दोन वर्षे मागावयाची असतील तर त्याला बसावयास टेबल, तापविण्यास ओव्हन, हाताखाली एक मदतनीस आणि माणूस म्हणून वागणूक द्यावी लागेल. म्हणून आमचे म्हणणे असे की, राज्याने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पुनर्वसन कार्यशाळेचे एक पद निर्माण करावे, आणि या विषयात एम.टेक. किंवा कृत्रिम अवयवांची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्यास अधिछात्रवृत्ती देताना दोन वर्षे त्या पदावर काम करण्याची अट घालावी. अभियंता आणि कृत्रिम अवयव तज्ज्ञ यांची जोडी एकाच कार्यशाळेत बसेल आणि वर सांगितलेले दोन जिने निदान जिल्ह्याच्या ठिकाणी तरी भेटतील.

हे अशक्य नाही, याचा एक दाखला परदेशी विद्यार्थ्यांनीच दिला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा एक गट वर्गातील प्रकल्प म्हणून जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीपाशी आला. देवेंद्रराज मेहता यांनी १९७५ साली स्थापन केलेल्या या संस्थेत कृत्रिम पायांचे अखंड काम चालते. तेथे गुडघ्यावरून पाय गेलेल्यांची अडचण पाहून त्यांनी सुमारे २० डॉलरमध्ये होणारा, तेल जिरविलेल्या प्लास्टिकचा गुडघा तयार केला. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००९ च्या उत्तम शोधांत त्याची गणना केली. सातासमुद्रापलीकडची मुले प्रकल्पासाठी जयपूरला येतात, मग पुण्या-मुंबईची, नागपूर-औरंगाबादच्या महाविद्यालयांतली मुले शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हाजी अलीच्या कार्यशाळेत का करू शकणार नाहीत? दरवर्षी तेच ते रिमोटवर चालणारे गाडे बनविण्यापेक्षा ते निश्चित बरे.

तूर्त मंडळांनी आपल्या पातळीवर एवढे करावे. साधने देणाऱ्या संस्थेला आधीच विचारावे की तीन महिन्यांनी कोण येणार, त्याचा परिषदेचा नोंदणी क्रमांक काय. त्याचे नाव व दूरध्वनी साधनाबरोबर कागदावर लिहून द्यावे. शिबिराचा खर्च ठरविताना एक हिस्सा दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवावा. मंडपाचा खर्च थोडा कमी केला तरी तो निघतो. आणि बारावी विज्ञानाच्या निकालानंतर मार्गदर्शन मेळावे होतात तेथे डॉक्टर-इंजिनिअरच्या जोडीला या पदवीचेही नाव घ्यावे. कोलकाता व ओलटपूर येथील राष्ट्रीय संस्थांची सामायिक प्रवेश परीक्षा असते. कृत्रिम अवयवांच्या पदवीला गणित घेऊन बारावी झालेल्यासही बसता येते, तेव्हा जीवशास्त्र नाही म्हणून अर्ज न भरता परत फिरणाऱ्या मुलांच्या कानावर हे वेळीच घालावे.